नवव्या दिवशीचा उजेड

पत्रिका छापून झाल्या होत्या आणि पैसे आले नव्हते. परिषदेला महिना उरला होता. पाहुण्यांची नागपूरपर्यंतची तिकिटं निघाली होती, हॉल ठरला होता, आणि मी रोज सकाळी दात घासायच्या आधी मेल उघडून बघत होते. घरात कोणी काही विचारलं की मी वसकन अंगावर जायचे. नवरा शेवटी भाजीसुद्धा मला न विचारता आणायला लागला. त्या महिन्यातला तेवढाच काय तो फायदा.

मी यवतमाळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माझा विषय जैविक घड्याळ. कळी ठरल्या वेळी उमलते, किडा ठरल्या वेळी उडतो, माणसाचे डोळे ठरल्या वेळी मिटायला लागतात, आणि बाहेर उजेड असो की अंधार, हे वेळापत्रक आतल्या आत चालूच राहतं. ते कसं चालतं, हे शोधणारी माणसं देशात फार नाहीत. ती दोन-तीन वर्षांनी कुठल्यातरी मोठ्या शहरात जमतात. पंचवीस वर्षं मीही बॅग उचलून तिकडे जात आले. गुलाबी बोंडअळीचा पतंग रात्री किती वाजता उडतो, यावर तिथे थंडगार हॉलमध्ये चर्चा चालायची आणि ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांनी कापसाचं झाड फोटोतच पाहिलेलं असायचं. एकदा जेवणाच्या रांगेत मी तोऱ्यात बोलून गेले, की पुढची परिषद आमच्याकडे घ्या, कापसात बसून कापसाच्या किड्याबद्दल बोला. माझे गुरू रांगेत माझ्यापुढेच होते. वय ऐंशीच्या पुढे. ताटात भात वाढून घेत म्हणाले, "घे. मी येतो."

तोंडातून निघालेला शब्द असा अंगावर आला. निधी देणाऱ्या संस्थेचं मंजुरीचं पत्र आलं तेव्हा मी सगळ्या स्टाफला पेढे वाटले. पत्राचं दुसरं पान मी पेढे वाटून झाल्यावर वाचलं. पैसे परिषद पार पडल्यावर, सगळी बिलं सादर केल्यावर मिळणार होते. हॉटेलवाल्याला आणि जेवणवाल्याला मात्र आधी पैसे हवे होते, आणि त्यांना जैविक घड्याळाशी काही देणंघेणं नव्हतं. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, हॉल तुमचा, खुर्च्या तुमच्या. पैशाचं तेवढं माझ्याशी बोलू नका." दोन दिवसांनी त्यांनी, पुढच्या वर्षी घेतली तर नाही का चालणार, असंही विचारलं.

चाललं असतं. माझी थोडी नाचक्की झाली असती, ती मी पचवली असती. चालणार नव्हतं ते माझ्या विद्यार्थिनीसाठी.

ती राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. चार वर्षं माझ्याकडे पीएच.डी. करत होती. अंगाने बारीक, बोलायला कमी, आणि कामाला अशी की मलाच कधी कधी तिची भीती वाटायची. तिची शिष्यवृत्ती त्या मार्चमध्ये संपत होती. गुरूंच्या जुन्या संस्थेत त्याच सुमारास दोन वर्षांची एक जागा भरायची होती. गुरूंनी मला फोनवर सांगून ठेवलं होतं, "तुझ्या मुलीचं काम मला तिच्या तोंडून ऐकू दे, मग मी शब्द टाकतो." परिषद झाली नाही तर ते तिला कुठे ऐकणार होते? एप्रिलपासून ती घरी बसली असती आणि जूनपर्यंत घरच्यांनी स्थळ आणलं असतं. म्हणून मी धावत होते. हे सगळं तिच्यासाठी चाललंय, असं मी स्वतःला दिवसातून दहा वेळा सांगत होते.

तिचा प्रयोग सांगायला सोपा आणि करायला जीवघेणा होता. पतंगाला दिवस-रात्र काहीच कळू दिलं नाही, तर त्याचा स्वतःचा दिवस किती तासांचा असतो? एवढाच प्रश्न. त्यासाठी पतंगांना पंधरा दिवस सलग काळोखात ठेवायचं. आमच्या विभागात जुने नमुने ठेवायची एक खोली होती. तिने ती रिकामी केली, खिडक्यांना काळा कागद आणि वर पुठ्ठा ठोकला, दाराच्या फटींना सायकलच्या जुन्या ट्यूब कापून लावल्या. दारव्हा रोडवर टीव्ही दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, त्यांनी तिला डब्या बनवून दिल्या. प्रत्येक डबीत एक पतंग, आणि पतंग हलला की डोळ्यांना न दिसणारा एक किरण तुटायचा आणि बाहेरच्या कम्प्युटरमध्ये नोंद व्हायची. आम्ही त्या खोलीत दिवस-रात्र उलटी केली होती. पतंग कोषात होते तेव्हापासून रात्रभर दिवा आणि दिवसभर अंधार. त्यामुळे सलग काळोख सुरू झाल्यावरही बाहेर सकाळचे अकरा वाजले, की त्यांच्या हिशेबाने रात्र सुरू होऊन थोडा वेळ झालेला असायचा.

आणि हे पतंग सहज मिळालेले नव्हते. कापसाचा हंगाम संपला की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून टाकायची असते. तशीच उभी ठेवून आणखी वेचा घेतला, तर त्याला फरदड म्हणतात, आणि ती बोंडअळीचं माहेर. सगळे ओरडून सांगतात, फरदड ठेवू नका. तिच्या वडिलांनी मात्र शेताच्या कडेला सहा ओळी मुद्दाम उभ्या ठेवल्या होत्या, मुलीला किडे लागतात म्हणून. शेजारचे बांधावर येऊन भांडून गेले. ती किडकी बोंडं पोत्यात भरून एस.टी.ने यवतमाळला घेऊन आली. हे पतंग संपले की पुढचे पुढच्या हंगामात, आणि पुढच्या हंगामात तिची शिष्यवृत्ती नव्हती.

त्या खोलीचे नियम कडक होते. पतंगांना साखरेचं पाणी द्यायला जायचं ते काचेवर लाल कागद लावलेला मंद टॉर्च घेऊन, कारण पतंगांना लाल रंग दिसत नाही. रोज एकाच वेळी जायचं नाही, नाहीतर पतंगांना आपल्या येण्यावरून वेळ कळते. म्हणून ती एका रिकाम्या डब्यात वेळेच्या चिठ्ठ्या टाकून रोज एक उचलायची, आणि पहाटे पाचची निघाली तर पहाटे पाचला हजर व्हायची. खोलीत एक ट्यूबलाईट होती. तिच्या बटणावर तिने पांढरी चिकटपट्टी लावून वर लिहिलं होतं: लाईट लावू नये. कोणीही.

इकडे मी गावात पैसे मागत फिरत होते. बियाण्याच्या दुकानदारांनी पेनं दिली. एका बँकेने भिंतीवरची कॅलेंडरं दिली, तीही गेल्या वर्षाची. डॉक्टरांच्या मंडळाने पाण्याच्या बाटल्यांचं आश्वासन दिलं. पाहुणे पेन घेऊन, बाटली घेऊन, कॅलेंडर बघत उपाशी बसतील, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे यायला लागलं. मग कोणीतरी कापसातून सरकी काढायचा कारखाना, म्हणजे जिनिंग, चालवणाऱ्या शेठजींचं नाव सुचवलं.

मी गेले तेव्हा शेठजी त्यांच्या जिनिंगच्या आवारात उभे होते. कापसाचा टेम्पो आला होता. वरचा कापूस शुभ्र होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. बाही सरकवून कोपरापर्यंत हात ढिगात खुपसला, आतून मूठभर कापूस ओढला, दोन्ही अंगठ्यांत धरून त्याचा धागा ताणला आणि मगच भाव बोलले. हे त्यांनी माझ्यासमोर तीन टेम्पोंना केलं. मग मला ऑफिसात बसवून चहा मागवला आणि माझं सगळं म्हणणं नीट ऐकून घेतलं. परिषदेच्या राहण्याजेवणाचा खर्च ते उचलायला तयार होते. बॅनरवर नाव हवं होतं, स्टेजवर खुर्ची हवी होती, त्यात काही विशेष नव्हतं.

"पण मॅडम," ते म्हणाले, "ज्याच्यात मी पैसा टाकतो ना, ते आधी डोळ्यानं पाहतो. वरचा कापूस तर सारेच चांगला ठेवते. तुमी जो किडा ठेवून राह्यले, तो दाखवा मले एक डाव. परवा येतो."

मी हो म्हणाले. नाही म्हणायची माझी टाप नव्हती.

परवा म्हणजे काळोखाचा नववा दिवस. त्या दिवशी माझी विद्यार्थिनी नव्हती. मुकुटबनला तिच्या मावसबहिणीचं लग्न होतं आणि मीच तिला रागावून तीन दिवस पाठवलं होतं, कारण महिनाभरात ती नीट जेवली नव्हती. जाताना तिने खोलीची चावी माझ्या हातात दिली. "मॅडम, तुमच्याशिवाय कोनालेच नसती देली जी मी," ती म्हणाली. चिठ्ठ्यांचा डबाही दिला.

शेठजी साडेअकराच्या आधीच आले. एकटेच आले, याचं मला बरं वाटलं. मी दार उघडलं, आत गेल्यावर ते लावून घेतलं, मग दारामागचा काळा पडदा सारला आणि लाल टॉर्च लावला. त्या उजेडात डब्यांच्या कडासुद्धा नीट दिसत नाहीत.

"काहीच दिसून नाही राह्यलं, मॅडम."

"डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो."

ते थांबले. खरंच शांतपणे थांबले. मग म्हणाले, "फडफड ऐकू येऊन राह्यली. पन दिसलं पाह्यजे ना जी."

मी त्यांना समजावून सांगितलं, की हा काळोखाचा नववा दिवस आहे आणि उजेड पडला तर यांचं आतलं वेळापत्रक सरकतं. त्यांना ते कळलं. माणूस हुशार होता. "एवढ्याशा उजेडानं काय बिघडते?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न मी एम.एस्सी.च्या पेपरात किती वर्षं काढत आले आहे. दहा मार्कांना असतो. त्याचं उत्तर मला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं.

मी नुसता टॉर्च एका डबीच्या जवळ नेला, तेव्हा ते म्हणाले, "राहू द्या मंग. तुमच्या कामात खोडा नको. आपुन नंतर बोलू."

त्यांनी दबाव टाकला, असं मला कधीच म्हणता येणार नाही. पण आमच्याकडे नंतर बोलू म्हणजे काय, हे मला माहीत होतं. बियाणेवालेही नंतर बोलू म्हणाले होते. माझ्या डोळ्यांपुढे हॉटेलवाला आला, गुरू आले, एप्रिलमध्ये घरी बसलेली ती आली. मी भिंतीवर बटण चाचपलं, चिकटपट्टी सोलून काढली आणि ट्यूब लावली. पट्टी निघतानाचा तो चर्र आवाज मला अजून आठवतो.

सगळ्या डब्यांतली फडफड एकदम थांबली. पतंग जिथे होते तिथे पंख मिटून बसले. शेठजी एकेका डबीशी वाकून बघत होते. "एवढासाच? याच्यातली मादी कोन्ती?" त्यांनी विचारलं. मग शेवटच्या डबीशी वाकूनच म्हणाले, "तीस वर्षं झाले, किडका कापूस हातात घेऊन राह्यलो. हा पठ्ठ्या आज पाह्यला." त्यांच्या आवाजात असं काही होतं, की मला त्यांना घाई करवेना. सवयीने मी मनगटावरच्या घड्याळात बघून ठेवलं होतं. अकरा पस्तीसला लावली, अकरा पन्नासला बंद केली.

ते गेल्यावर मी पट्टी परत लावायला गेले. ती चिकटेना. मी माझ्या टेबलातून नवी पट्टी आणली, कापली, लावली, आणि तिच्या अक्षरासारखं अक्षर काढून तेच शब्द लिहिले: लाईट लावू नये. कोणीही. जुनी पट्टी मी चुरगळून माझ्या पर्समध्ये टाकली, तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी चेक आला. हॉटेलवाला हसून बोलायला लागला. मला हायसं वाटायला हवं होतं. ते अर्धा दिवस वाटलं. मग एक नवीनच काळजी सुरू झाली, आणि पहिली बरी होती असं म्हणायची वेळ आली. पैशाची काळजी निदान मोठ्याने बोलून दाखवता येत होती.

मी स्वतःला समजावत होते. पंधरा मिनिटंच. ट्यूब जुनी, उजेड कमी. कदाचित काही होणारही नाही. हे सगळं मी, पंचवीस वर्षं हाच विषय शिकवलेली बाई, स्वतःला सांगत होते. कम्प्युटर उघडून बघायचं धाडस होत नव्हतं. लाईट गेली होती, असं काही कारण सांगता येईल का, हाही विचार मनात येऊन गेला. पण अंधाऱ्या खोलीत लाईट गेल्याने काय बिघडणार होतं? तिथे आमचं नेहमीचं कारणसुद्धा चालत नव्हतं.

ती लग्नाहून परत आली. मेंदी रंगली होती. माझ्यासाठी पुडक्यात बुंदी आणली होती. चावी घेऊन आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. "सारं ठीक आहे ना?" मी विचारलं. "हो जी," ती म्हणाली.

पंधरा दिवस पूर्ण झाले आणि तिने नोंदींचा कागद काढून माझ्या टेबलावर पसरला. त्यावर प्रत्येक दिवसाची एक ओळ असते, एकाखाली एक, आणि पतंग जेव्हा उडाला तिथे काळे ठिपके. पहिले नऊ दिवस ठिपके एका सुरेख तिरक्या रेषेत उतरत होते, रोज काही मिनिटं अलीकडे. नवव्या ओळीत साडेअकरानंतर ठिपक्यांत एक बारीक फट होती, आणि त्या ओळीनंतर रेषा तुटली होती. दहाव्या दिवसापासून सगळे पतंग दीड तास उशिरा उडायला लागले होते. एक-दोन नाही, सगळे.

"मॅडम, माझं काय चुकलं असन?" तिने विचारलं.

मी चष्मा पुसला. "बघू," म्हणाले.

दोन दिवसांनी तिने पुन्हा विचारलं. "टॉर्चचा लाल कागद फाटला असन काय जी?" मी म्हणाले, असू शकतं. ती टॉर्च घेऊन उजेडात तपासत बसली. मी पलीकडच्या टेबलावर पाहुण्यांच्या खोल्यांची यादी करत होते. परिषदेच्या आदल्या दिवशी तिने तिसऱ्यांदा विचारलं, की हा प्रयोग वगळून बोलू का. तो वगळला तर तिच्याकडे बोलण्यासारखं काही उरत नव्हतं. मी म्हणाले, "दाखव. तुटलेली रेष घाईत पुढे ने. कोणी विचारणार नाही." माझ्या विद्यार्थ्यांना मी आयुष्यात असा सल्ला कधी दिला नव्हता.

परिषदेचा दिवस उजाडला. मांडव, रांगोळी, दीपप्रज्वलन, शाल आणि श्रीफळ, सगळं रीतसर झालं. शेठजी शाल पांघरून पहिल्या रांगेत बसले आणि उठून गेले नाहीत. एवढे मोठे लोक बोलत होते, इंग्रजीतून, तरी ते कागदावर काहीतरी लिहून घेत होते. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी माइक घेऊन स्टेजच्या कडेला उभी होते.

ती बोलायला उभी राहिली. इंग्रजी अडखळत होतं, पण कामाबद्दल बोलायला लागली आणि आवाज स्थिर झाला. नोंदींचं चित्र पडद्यावर आलं. तिने ते घाईत पुढे नेलं नाही. गुरूंनी हात वर केला.

"मागे घे," ते मराठीतच म्हणाले. "ते चित्र राहू दे." चष्मा कपाळावर चढवून ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. "हे तुझ्या किड्यांनी फार स्वच्छ लिहिलंय. नवव्या दिवशी, त्यांच्या रात्रीच्या सुरुवातीला कोणीतरी दिवा लावलाय. बाहेरच्या घड्याळात सकाळचे साडेअकरा ते बारा. दहा-पंधरा मिनिटं. बरोबर?"

जाणकार मंडळी हसली. त्यांच्या दृष्टीने तो एक सुंदर निकाल होता.

"सर, माझी चूक झाली," ती म्हणाली. "माझ्या टॉर्चचा कागद फाटला असेल."

ती हे बोलताना माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे तीन-चार सेकंद होते. माइक हातात होता, तो सुरू होता, ओठांपर्यंत उचलायचाच काय तो अवकाश होता. मी उचलला नाही. मला आठवतं, मी त्या क्षणी संध्याकाळच्या जेवणाचा विचार करत होते.

शेठजी शाल सावरत उठले. "एक मिनिट जी," ते म्हणाले. "नववा दिवस म्हंजे... मॅडम, मी आलो होतो तोच दिवस तर नाही? साडेअकराच वाजले होते. तुमी लाईट लावला होता ना मले दाखवाले?" आणि मग सगळ्या हॉलकडे वळून, आनंदाने, "अरे वा! त्याईनं पकडलं! किड्याईनं पकडलं आमाले!"

त्या माणसाच्या मनात काही नव्हतं. ढिगात हात घालून आतला कापूस बाहेर काढावा, तसं त्याने ते काढलं. लोक टाळ्या वाजवत होते. मग मी माइक उचलला आणि म्हणाले, "हो. दिवा मी लावला होता." तोपर्यंत ते सांगण्यासारखं उरलं नव्हतं. तिने मान डोलावली आणि पुढचं चित्र लावलं.

संध्याकाळी गुरूंनी तिला बोलावून अर्धा तास गप्पा मारल्या. जाताना गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "मुलीला पाठव. मी बोलतो." माझ्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. गाडी गेटबाहेर जाईपर्यंत मी हात हलवत होते.

मांडव उतरला. हॉल झाडून झाला. चार-पाच दिवसांनी ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. प्रबंधाचं ते प्रकरण पूर्ण करायचं होतं. मी म्हणाले, "पुढच्या हंगामात पुन्हा करता येईल. तू तिकडे गेलीस तरी तुझ्या वडिलांनी बोंडं पाठवली, तर मी इथे करून घेईन."

"बाबा फरदड नाही ठेवत म्हन्ते आता," ती म्हणाली. "लोकाईसंगं भांडण झालं."

"पण निकाल चांगलाच आलाय. गुरूसुद्धा म्हणाले."

"हो जी. पन मॅडम, उजेडानं काय होते, हा प्रश्नच मले विचारायचा नव्हता."

तिने नवव्या ओळीवर एक छोटा बाण काढला होता. खाली रिकामी जागा सोडली होती. "किती वाजता लावला होता जी?" तिने विचारलं.

"अकरा पस्तीस ते अकरा पन्नास."

तिने टाईप केलं.

"आणि पुढे लिही, मार्गदर्शकांनी लावला."

तिची बोटं थांबली. "ते कायले?"

"लिही. खरं आहे ते."

तिने लिहिलं नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "मले लग्नाहून आल्या दिवशीच मालूम झालं होतं, मॅडम. पट्टी नवी होती. अन् अक्षर तुमचं होतं."

माझ्या डोक्यातून त्या महिन्यातल्या सगळ्या गोष्टी एकदम गेल्या. तिचे ते तीन प्रश्न, उजेडात धरून तपासलेला टॉर्च, पसरून ठेवलेला कागद. तिने ते स्वतःसाठी विचारलं नव्हतं.

"मग हॉलमध्ये," मी विचारलं, "एवढ्या लोकांसमोर तू तुझी चूक म्हणून का सांगितलंस?"

"तुमी माइक घेऊन उभ्या होत्या ना जी," ती म्हणाली. "मले वाटलं, आता तरी बोलसान."